तीन हात चार बोटं

मोजणीसाहेबांच्या सदऱ्याला डाव्या बाजूनं एकाखाली एक असे दोन खिसे असायचे. वरचा पेनाचा, खालचा टेपचा. शिंप्याला तसं सांगून शिवून घेतलेले. लग्नाला जावो की मयतीला, टेप बरोबर. कोणी रस्त्यात भेटून विचारलं, "काय साहेब, कसं काय?" तर म्हणायचे, "बारा आणे." जमीन मोजायची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे असतात. त्यांची सारी जिंदगी त्या साखळीत गेली, म्हणून तब्येतही आण्यात सांगायचे. ताप आला की आठ आणे. बायको माहेरून परत आली की पंधरा. सोळा आणे मात्र त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं. ते पुढं येईल.

मी चौथी शिकलेला माणूस, तीही दोनदा. हे लिहायला बसलो तर नातसून म्हणाली, "आबा, तुमी सांगा, मी लिहिते." म्हटलं, माझा रंधा मी दुसऱ्याच्या हातात देत नसतो. जसं येईल तसं येईल. साखरा गावाच्या अंगाला आमचं गाव, आणि त्या अंगाच्या पाच गावांत चाळीस वर्षं जेवढ्या बैलगाड्या चालल्या त्या माझ्या हातच्या. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. विचारून घ्या.

मोजणीसाहेब आमच्याच गावचे. सरकारी मोजणीत नोकरीला लागले, सारा मुलूख मोजून आले, आणि नोकरीची शेवटची वर्षं सेनगावला काढून घरी बसले. उंच माणूस, सहा फुटाला दोन बोटं कमी, आणि हात गुडघ्याला टेकतील असे. मोजणीला जायचे तर पाणी घरचं न्यायचे. वादी असो की प्रतिवादी, दोघांच्याही घरचा चहा घ्यायचे नाहीत. लोक म्हणत, येडं आहे. पण वाद पेटला की म्हणत, त्या येड्यालाच बोलवा.

त्यांच्या घरात बसायचं म्हणजे जपून बसावं लागायचं. त्यांची बायको, आमची वहिनी, भाकरी थापायला बसली की हे शेजारी. एकदा भाकरीवर टेप लावून म्हणाले, "कालच्यापेक्षा पाऊण इंच कमी हाय."

वहिनी म्हणाली, "मंग पाऊण इंच उपाशी राहा."

ते राहिले. खरंच ताटात तेवढा तुकडा ठेवून उठले. हा माणूस असा होता.

माझं आणि त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण सांगतो. माझ्या शेजाऱ्यानं बांधाची मोजणी मागितली आणि मोजायला हेच आले. मी मनात म्हटलं, गावचा माणूस आहे, लहानपणी एका विहिरीत उड्या मारल्या, दोन बोटं इकडंतिकडं करील. त्यांनी साखळी टाकली, खुंटी ठोकली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मिस्त्री, तुमचा नांगर दोन हात शेजारच्या रानात चालून राहिला."

मी म्हटलं, "गावचा माणूस हायस रे! जरा तरी बघ."

"गावचा हाय म्हणूनच दोनदा मोजलं," ते म्हणाले.

बांध सरकला. त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण चार माणसांत माझं माप चुकलं म्हणाले, आणि मापावर माझं पोट. त्या दिवशी मी माझ्या अंगणात उभा राहून शपथ घातली, ही टेप माझ्या दारात उघडायची नाही. उघडली तर मी तोडून टाकीन. ते म्हणाले, "बराबर हाय. दार तुमचं हाय." आणि गेले. मग अकरा वर्षं ते माझ्या दारावरून जाताना खालच्या खिशावर हात ठेवून जायचे, टेप झाकून. मला वाटायचं चिडवतात. ते चिडवत नव्हते, शपथ पाळत होते. हे कळायला मला लई दिवस लागले.

आता गाडीचं.

वहिनी न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला नेऊन सळई घातली. चालू लागली, पण वॉकर धरून, अंगणापुरती. त्यांचं शेत गावापासून कोसभर, मधे काळ्या रानातून गाडीवाट. बैलगाडीत बसवावं तर पहिल्याच खड्ड्याला सळई ओरडायची. मोटारसायकलवर पाय टाकता येत नाही. ट्रॅक्टरवर चढता येत नाही.

आणि आमच्याकडं कापसाची पहिली वेचणी लागायच्या आधी शेतात सीतादही करतात. घरची बाई शेतात जाते, कापसाच्या पराटीच्या बुडाशी पाच खडे मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभाताचा निवद दाखवते आणि पहिलं बोंड आपल्या हातानं वेचते. त्याच्यामागून मजूर बायांनी वेचणीची ओटी बांधायची. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून एक साल चुकली नव्हती. खुबा मोडल्यावर चार सालं चुकली. दुसऱ्या कोणी बाईनं उरकायचं. वहिनी दारात बसून त्या बायांना सांगायची, "खडे धुऊन घ्या गं. आणि मधल्या तासात करा, कडंच्या ओळीत नका करू." आणि मग दिवसभर कोणाशी बोलायची नाही.

चौथ्या साली गावातल्या पोरांनी म्हटलं, काकू, बाजेवर बसा, चौघं जण उचलून नेतो. ती म्हणाली, "चार खांद्यांवर माणूस एकदाच जातं. मी काय दोनदा जाऊ?"

त्या दिवशी मोजणीसाहेबांनी तिला सांगितलं, पुढच्या सालची सीतादही तू करशील. आणि गाडी बांधायला घेतली.

म्हणजे काय केलं, तर पंजाबातून जीपची बॉडी मागवली. तिकडं ती सुट्या पत्र्यांत मिळते. ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून लाकडी खोकं उतरलं, एवढं मोठं की त्यात आमचा रेडा बसला असता. आत पत्रे, पट्ट्या, पिशव्यांत नटबोल्ट आणि एक नकाशाचा कागद. त्याच्यावरचं अक्षर गावात कोणाला वाचता येईना. इंजिन आणि गिअर त्यांनी भंगारातून निवडून आणले होते. बांधायचं कसं, हे ते मोबाइलवर बघायचे. कुठल्या कुठल्या देशातली माणसं त्याच्यात गाड्या जोडून राहिलेली. हे आवाज बंद करून बघायचे. मी पुढं कधी विचारलं, आवाज काहून बंद? तर म्हणाले, "त्याचे हात बघायचे मिस्त्री. तोंड कशाला ऐकायचं?"

गावानं दोन महिने करमणूक करून घेतली. कोणी म्हणे, साहेब, ढगात उडती का? ते म्हणत, "न्हाई, जमिनीपासून साडेआठ इंचच उचलती." पारावर मीसुद्धा म्हटलं, की चाक जोडणं आणि साखळी ओढणं एक नाही, ही गाडी चालली तर मी माझी पटाशी विहिरीत टाकीन. हे त्यांच्या कानावर गेलंच.

तर चैताच्या उन्हात एक दिवस हे माझ्या अंगणाच्या कडेला येऊन उभे. आत येईनात. मी रंधा मारत होतो, बघितलं न बघितलं केलं. बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रिकामे. टेप घरी ठेवून आले होते. त्या माणसाला बिगर टेपचं बघून मला नागडं बघितल्यासारखं झालं.

"या," मी म्हटलं. अकरा वर्षांतला पहिला शब्द.

आत येऊन बसले. म्हणाले, "मिस्त्री, गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांत अंतर किती?"

खरी अक्कल इथं होती. काळी माती पावसात लोण्यासारखी होते. बैलगाड्यांच्या चाकांनी त्यात दोन चाकोऱ्या पडतात आणि दसऱ्यापर्यंत वाळून दगड होतात. जीपची चाकं बैलगाडीपेक्षा जवळजवळ. एक चाक चाकोरीत आणि एक वरंब्यावर, म्हणजे गाडी कलंडत, आपटत चालणार आणि वहिनीचा खुबा काही टिकणार नाही. म्हणून यांनी ठरवलं, जीपचे दोन्ही ॲक्सल परभणीला लेथवर लांब करून घ्यायचे. चाकांत अंतर बैलगाडीएवढंच ठेवायचं. मग गाडी चाकोरी धरून रुळावरच्या रेल्वेसारखी जाईल.

मी म्हटलं, "गावात तीन गाड्या उभ्या हायत. जाऊन मोजायच्या व्हत्या तुमच्या टेपनं."

ते म्हणाले, "बनवणारा जिता असताना बनवलेल्याला काहून विचारू? बांधाच्या बाबतीत टेप माझी. गाडीच्या बाबतीत हात तुमचा."

असं बोलल्यावर माणूस काय करील?  मी फूटबीट काही बोललो नाही. कारागिरासारखा बोललो, "तीन हात, चार बोटं."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. उठताना म्हणाले, "आणि बसायचं आसन तुमीच करा. खुब्याला उतार पायजे."

मी आसन केलं. सागाची चौकट, वर सुतळीची वीण, उजवी बाजू दोन बोटं खाली. वहिनीला तिच्याच बाजेवर बसवून, उठवून, परत बसवून मी तिच्या उंचीचं केलं. ती म्हणाली, "मिस्तरीभाऊ, इतकी मापं माझ्या लग्नात चोळीवाल्यानं घेतली न्हाईत." गाडीचा तळही मीच लाकडाचा केला. त्या दोन महिन्यांत माझं घरी कमी आणि त्यांच्याकडं जास्त होऊ लागलं. ते मला पाना द्यायला सांगायचे, मी भलताच द्यायचो, ते तोच वापरून बघायचे आणि म्हणायचे, "हाही बसला असता."

पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा अर्धं गाव अंगणात. धूर असा की शेजारणीनं वाळू घातलेल्या पापडांवरून शिव्या दिल्या. मोजणीसाहेबांनी पहिला गिअर टाकला, हळू क्लच सोडला आणि गाडी निघाली. मागं. सरळ म्हशीच्या गव्हाणीत. त्यांनी थांबवली, विचार केला, मागचा गिअर टाकला. गाडी पुढं आली.

गाव लोळायचं बाकी राहिलं. कोणी म्हणालं, "साहेब, तोंड फिरवून बसा, झालं काम!"

मागचा ॲक्सल उलटा बसला होता, वरची बाजू खाली. साहेब उतरले, खाली वाकून बघितलं आणि हात पुसत म्हणाले, "एक गोष्ट तर पक्की झाली. चालती." मग दोन दिवस काढून परत सरळ बसवला. माझी पटाशी विहिरीत टाकायची वेळ आली होती, पण त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

मृग बरसला, पेरण्या झाल्या. श्रावणात चाकोऱ्या चांगल्या पडल्या. तेव्हा त्यांनी वहिनीला न घेता एकट्यानं गाडी वाटेवर घातली. मी मागून चालत होतो, लग्नातल्या वरबापासारखा.

डावं चाक चाकोरीत उतरलं. उजवं उतरेना. ते बाहेरच्या वरंब्यावर चढलं, गाडी तिरकी झाली, घसरली, आणि चिखलात पोटावर बसली. इंजिन दोन वेळा खोकलं आणि गप्प झालं.

ते उतरले. मी पोचलो. मागून दहा-पंधरा माणसं आलीच, असल्या वेळी गावाला आवतण लागत नाही. मोजणीसाहेबांनी खिशातून टेप काढली. आम्ही माझ्या दारात नव्हतो, तेव्हा मला बोलायला जागा नव्हती. चाकोऱ्यांत अंतर निघालं साडेचार फूट. गाडीच्या चाकांत निघालं पाच फूट दोन इंच. आठ इंचाचा फरक.

सगळे माझ्याकडं बघू लागले. साहेबांनी वही काढली आणि वाचलं, "तीन हात चार बोटं. असंच म्हणाले व्हते ना?"

"असंच," मी म्हटलं. 

"मंग बराबर हाय," ते म्हणाले आणि वही मिटली.

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी शिवीला तयार होतो. माझे बैल आणून गाडी ओढून काढली आणि घरी गेलो. जेवलो नाही.

घरी बसून मी माझा हात बघितला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मग डोळ्यांपुढं त्यांचा हात आला, गुडघ्याला टेकणारा. परभणीच्या लेथवाल्यापुढं उभं राहून त्यांनी तीन वेळा कोपर टेकवला असेल, वर चार बोटं ठेवली असतील आणि म्हटलं असेल, इथं काप. आयुष्यात पहिल्यांदा टेपशिवाय मोजलं बिचाऱ्यानं, माझ्या मानासाठी. आणि मोजलं आपल्या हातानं. सुतार 'हात' म्हणाला की तो सुताराचा हात, हे आमच्या धंद्यात लेकराला कळतं. पण ते आमच्या धंद्यातले नव्हते. आणि मी सांगितलं नव्हतं.

आता चूक माझी म्हणावी तर मी माप खरं दिलं. त्यांची म्हणावी तर त्यांनीही हातच मोजला. आणि हे जाऊन सांगायचं कसं? माझा हात तुमच्यापेक्षा आखूड हाय म्हणून? ते मी मेलो तरी सांगणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर ते ओसरीवर नुसते बसलेले. ॲक्सल परत कापायचे म्हणजे दोन्ही पुन्हा परभणीला न्यायचे, आणि लेथवाल्याकडं दिवाळीपर्यंत नंबर नव्हता. कापूस दसऱ्याला फुटणार. वहिनी दारात वॉकर धरून उभी होती. ती आमच्या दोघांकडं बघून म्हणाली, "एकाची टेप न् एकाचा हात. तुमच्या दोघांच्या मानापानात माझी पाचवी साल जाती."

 साहेबांना विचारलं, कसं काय? तर म्हणाले, "चार आणे." इतकं खाली मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, बाभळीचं ते खोड कुठं हाय, जे मी नातवाच्या पलंगाला ठेवलं व्हतं?

पोळा झाला. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. मी त्या दिवसापुरता दम धरला. दुसऱ्या दिवशी जू ठेवलं. बैलगाडी नवी होती. म्हणजे चाकं जुनी, लोखंडी धाव असलेली, गोठ्यामागं पडून होती. पण त्यांना जोडणारा कणा नवा, बाभळीचा, आणि तो मी माझ्या हातानं मोजला नव्हता. जीपखाली निजून, दोरी धरून, तिच्या चाकांत जेवढं अंतर होतं तेवढाच बरोबर केला होता. गाडीत दगड भरले. आणि भादव्याच्या चिखलात गावापासून त्यांच्या शेतापर्यंत गेलो. आलो. परत गेलो. परत आलो.

गाडी बदलत नसली तर वाट बदलायची. दुसरं काय?

अकरा दिवस, सकाळी दोन खेपा, दुपारून दोन. पहिल्या दिवशी नुसती रेघ पडली. तिसऱ्या दिवशी बोटभर. आठव्या दिवशी वीतभर. वाटेत माणसं भेटायची. एक जण म्हणाला, "मिस्त्री, गाडी रुंद कशी दिसून राहिली?"

"तुझे डोळे जवळजवळ आलेत," मी म्हटलं. "दवाखान्यात दाखव."

"आन् ह्याच्यात दगड काहून? कुठं टाकायचेत?"

"फिरायला नेतो त्यांला. घरात बसून कंटाळलेत."

नवव्या दिवशी मागं वळून बघितलं तर मोजणीसाहेब चाकोरीतून चालत येत होते. चप्पल हातात, धोतर वर खोचलेलं. मी गाडी थांबवली नाही. त्यांनी हाक मारली नाही. थोडं चालायचे, वाकायचे, टेप लावायचे, परत चालायचे. असं शेतापर्यंत. शेतात मी बैलांना पाणी दाखवत होतो तेव्हा जवळ आले. बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग म्हणाले, "मिस्त्री, तुमचा हात वाढला."

मी म्हटलं, "वय झालं की वाढतो."

"व्हय," ते म्हणाले. "माझ्याएवढा झाला."

त्यांना सगळं कळलं होतं. कधी कळलं, मला माहीत नाही. कदाचित त्या चिखलातच कळलं असेल, वही मिटताना.

दसऱ्याला वाट वाळून घट्ट झाली. कापूस फुटला. वहिनीनं हिरवं लुगडं नेसलं आणि दह्याचं गाडगं मांडीवर घेतलं. मी म्हटलं, ते माझ्याकडं द्या, मी मागं धरून बसतो. ती म्हणाली, "चार साल दुसऱ्याच्या हाती दिलं. आता न्हाई." तिला आसनावर बसवलं. आसन बरोबर बसलं, त्याबद्दल मला शंकाच नव्हती.

गाडी निघाली. गावाबाहेर निघताच एक अडचण होती, ती आम्हा सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोललं नव्हतं. गाडीवाट एके ठिकाणी डांबरी रस्ता ओलांडते. साहेबांनी डांबरीच्या दहा हात अलीकडं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्या गाडीला नंबर न्हाई. सरकारी रस्त्यावर चालवता येत न्हाई."

"अहो, वीस पावलं रस्ता! कुत्रं न्हाई रस्त्यावर!"

"मिस्त्री, चालू असली तर वाहन. ढकलली तर सामान. सामान रस्त्यापलीकडं न्यायला मनाई न्हाई."

वहिनी आतून म्हणाली, "म्हंजी मी पन सामानच का?"

"तू मालकीण. सामानावर बसलेली."

मग काय, मी, दोन वाटसरू आणि मागून येणाऱ्या वेचणीच्या बाया, अशा आम्ही सगळ्यांनी मिळून ते सामान डांबरी ओलांडून नेलं. साहेब बाहेरून स्टेअरिंग धरून, ताठ मानेनं, जसं लग्नाचं घोडं नेतात. पलीकडं गेल्यावर परत इंजिन चालू. बाया हसून हसून खाली बसल्या.

आणि मग चाकं चाकोरीत उतरली. दोन्ही. एकदम. साधा आवाजही झाला नाही. साहेबांनी मधे एकदा स्टेअरिंगवरचे हात काढून वर केले, मला दाखवायला. गाडी आपल्या वाटेनं चालली होती. मी मागं उभा होतो आणि माझं सगळं लक्ष त्या गाडग्यावर होतं. दही हललं, पण काठाला आलं नाही.

शेतात मधल्या तासाला वहिनीला उतरवलं. एका बाजूला वॉकर, एका बाजूला साहेब. तिनं स्वतः खडे धुतले. मांडले. हळदकुंकू वाहिलं, निवद ठेवला. मग उभं राहून पहिलं बोंड वेचलं आणि ते तिथंच धरून चारीकडं बघत राहिली. किती वेळ, मी मोजलं नाही. शेवटी म्हणाली, "अहो, तिकडचा बांध मागं सरकल्यासारखा दिसतो."

आम्ही दोघं एकदम म्हणालो, "न्हाई!" आणि त्याच्यावर ती असं हसली की वॉकर हलला.

परत येताना मी विचारलं, "साहेब, कसं काय?"

त्यांनी समोर बघत सांगितलं, "सोळा आणे."

एक तकलीफ मात्र झाली. गावातल्या बाकीच्या तीन बैलगाड्यांना ती नवी चाकोरी बसेना. एक चाक आत, एक वर. गाडीवाले बोंबलत माझ्याकडं आले. मी एकेकाचा कणा बदलून रुंद करून दिला. आता आमच्या शिवारात गाडीचं माप पाच फूट दोन इंच. परवा साखऱ्याचा एक जण विचारायला आला, "मिस्त्री, तुमच्याकडं माप काय धरतात?" मी म्हटलं, "तीन हात चार बोटं." त्यानं आपला हात पुढं केला. मी म्हटलं, "तुझा न्हाई. थांब, दोरी देतो."

दोन वर्षांखाली मोजणीसाहेब गेले. दुपारचं जेवण झालं, चूळ भरली, आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कोणाला त्रास दिला नाही. तेराव्याला वहिनीनं टेप माझ्या हातात दिली. मी ती घरी नेली, पण माझ्या दारात अजून उघडली नाही. शपथ ती शपथ. लागली तर बाहेर रस्त्यावर जाऊन उघडतो, लोक हसतात.

गाडी आता मी चालवतो. त्यांनीच शिकवली होती. शिकवताना ते हळू म्हणायचे नाहीत, जोरात म्हणायचे नाहीत. "दोन आणे दाबा. आता चार. मिस्त्री, सहा न्हाई, चार!" या दसऱ्यालाही वहिनीला घेऊन गेलो. डांबरीच्या दहा हात अलीकडं इंजिन बंद केलं. बाया आपणहून मागं आल्या, त्यांना आता सांगावं लागत नाही. सामान पलीकडं गेलं. चाकं चाकोरीत उतरली. वहिनी मांडीवरचं गाडगं धरून बसलेली, वय झालं पण जीभ तीच.

म्हणाली, "मिस्तरीभाऊ, ते तर गेले. आता तरी खरं सांगा. त्या वख्ताला चूक कोणाची व्हती?"

मी चार आणे दाबले.

"वाटेची," मी म्हटलं.